‘पोरांना घाबरवू नका’ म्हणणाऱ्या दादांना : दुधाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण लाईट गेली, आणि गेली ते बरंच झालं, तेव्हा काहीतरी वाकडं लिहिलं असतं. आज रतीब घालून आलोय, चहा झालाय, डोकं थंड आहे.

ज्यांनी ती कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘कोकणात गोठा टाकताना एक्स्पोर्टच्या बातम्यांवर हिशोब मांडू नका’ असं मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं की लेख निगेटिव्ह आहे, भारत दुधात जगात एक नंबर आहे, आखातात तुपाला मागणी वाढतेय, जेएनपीटी बंदर आपल्या कोकणातच आहे आणि मी पोरांना घाबरवतोय. शिवाय एक आकडा चुकीचा दिलाय. आणि शेवटी खरी गोष्ट आली, की त्यांचा पुतण्या मुंबईची नोकरी सोडून लांज्याकडे वीस एचएफ (होल्स्टीन, विलायती जातीच्या) गायींचा गोठा टाकतोय, कर्जाची फाईल बँकेत आहे, आणि माझ्या लेखावरून घरात भांडण झालं. भांडणाबद्दल सॉरी, मनापासून.

आधी आकड्याचं. तुम्ही बरोबर, मी चूक. देशाचं दूध २०२३-२४ साली साधारण २३.९ कोटी टन आणि त्याच वर्षी बाहेर गेलेले दुधाचे पदार्थ ६४ हजार टनांच्या आसपास, सव्वादोन हजार कोटींचे, हे दोन्ही आकडे ठीक आहेत, पण मी एकाला दुसऱ्याने सरळ भागून मोकळा झालो. बाहेर जातं ते तूप, लोणी, पावडर. एक किलो तुपाला गायीचं पंचवीस-सत्तावीस लिटर दूध लागतं, पावडरीला अकरा-बारा, म्हणजे दुधाचं दुधाशी करायला हवं होतं. आता नीट करू. सरसकट किलोला वीस लिटर धरले, म्हणजे तुमच्या बाजूने जरा सैलच, तरी होतात तेरा लाख टनांच्या आत. २३.९ कोटींच्या पुढे ते अर्धा टक्का. चूक कबूल, पण निष्कर्ष जागचा हलला नाही. आपण एक नंबर आहोत कारण आपणच तेवढं पितो. न्यूझीलंडमध्ये माणसं पन्नास लाखांच्या थोडी वर आणि दुभत्या गायी जवळपास तेवढ्याच, त्यांना विकल्याशिवाय गत्यंतर नाही, जवळजवळ सगळं दूध बाहेरच जातं. आपलं तसं नाही आणि नाही ते बरंच आहे.

आता ‘एक्स्पोर्ट वाढतोय म्हणजे भाव वाढणार’ यावर येतो, कारण सगळा घोळ इथे आहे. पुतण्याला कागद-पेन घेऊन बसवा. गायीचं १०० लिटर दूध, ३.५ फॅट ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यातनं निघते पावणेनऊ किलोच्या आसपास स्किम पावडर (मलई काढलेल्या दुधाची) आणि सव्वाचार किलो लोणी. पावडर २०० रुपये किलो आणि लोणी ४०० धरा, ३४५० रुपये झाले, लिटरला साडेचौतीस. यातनं संकलन, चिलिंग, टँकर, पावडर करायचा खर्च, दूध गोळा करणाऱ्या सेंटरवाल्याचं कमिशन, प्लँटवाल्याचा नफा काढा आणि गायवाल्याच्या हातात काय उरतं ते तुम्हीच बघा. हीच पावडर ३०० झाली तर लिटरमागे पावणेनऊ रुपये वर, परत २०० वर आली की पावणेनऊ रुपये खाली. घाटावर जास्तीचं दूध झालं की ते पावडरीला जातं आणि मग अख्ख्या गावाच्या दुधाचा भाव ती पावडर ठरवते, तुमचं दूध पिशवीत गेलं असलं तरी. २०२३ च्या सुरुवातीला जनावरांच्या लंपीच्या साथीनंतर दूध कमी पडलं म्हणून भाव वर गेले होते आणि वर्षभरात सत्तावीस-अठ्ठावीसवर आले. माणसं काय वर्षभरात चहा प्यायची थांबली? नाही. पावडर साठली.

आणि जगात ती केवढ्याला मिळते? न्यूझीलंडवाले २००८ पासून ऑनलाईन लिलाव करतात, हल्ली दर पंधरवड्याला. २०२४ मध्ये तिथे स्किम पावडर टनाला अडीच-पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास फिरत होती, किलोला दोनशे दहा ते दोनशे तीस रुपये झाले. म्हणजे आपल्याकडची पावडर त्याच्या खाली येईल तेव्हाच कोणी व्यापारी कंटेनर भरेल ना. म्हणून पावडर बाहेर जायला लागल्याची बातमी आली की मला उलट धडकी भरते, याचा अर्थ बहुतेक वेळा इथलं दूध पडलंय असा असतो. तुपाचं थोडं वेगळं आहे, आखातात, अमेरिकेत आपलीच माणसं आहेत, ती आपलंच तूप मागतात, तिथे मी तुम्हाला अर्धा मार्क देतो.

उलटं एकदा झालं होतं, तेही सांगतो म्हणजे लपवलं म्हणू नका. २०१३-१४ ला चीनने जगभरची पावडर उचलली, भाव टनाला पाच हजार डॉलरपर्यंत गेले आणि आपल्याकडची पावडरही धडाक्यात बाहेर गेली. तेव्हा कितीतरी लोकांनी कर्ज काढून गोठे मोठे केले. मग चीनची खरेदी मंदावली, ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपचा माल बंद केला, २०१५ च्या एप्रिलपासून युरोपने दुधाचा कोटाच (किती दूध काढायचं त्यावरची मर्यादा) उठवला, आणि भाव निम्म्यावर. लांजा-राजापूरच्या माणसाचा यात काय दोष होता सांगा. शेवट २०१८ चं आंदोलन तुम्हाला आठवत असेल, सतरा-अठरा रुपये लिटर, रस्त्यावर दूध ओतलेलं.

बरं, ‘जगाला विकू’ म्हणताना जगही आपल्याला विकायला टपलेलंय हे विसरतो आपण. नोव्हेंबर २०१९ ला आपण आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारातनं बाहेर पडलो त्यात दूध हे मोठं कारण होतं. २०२२ चा ऑस्ट्रेलियाचा करार, २०२५ चा ब्रिटनचा, दोन्हीत दूधदुभतं बाहेर ठेवलं. ते दार बंद आहे म्हणून आपल्याला एवढा तरी भाव मिळतो.

जेएनपीटीबद्दल वाचून मात्र हसू आलं, रागावू नका. बंदर कोकणात आहे पण पावडरीचे कारखाने नगर, पुणे, सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे आहेत, कारण दूध तिकडे आहे, रोज लाखांनी लिटर लागतं त्या प्लँटला. समुद्र दिसतो म्हणून एक्स्पोर्ट होत असता तर आपल्या घरोघरी आयात-निर्यातीची पाटी असती. आपल्याला हापूसचा अनुभव नाही का? २०१४ साली फळमाशी सापडली म्हणून युरोपने एका झटक्यात आपला आंबा बंद केला, २०१५ च्या जानेवारीत उघडला. आंब्याला माशी तसं जनावराला लाळ्या खुरकूत. तो रोग देशातनं जात नाही तोवर चांगले पैसे देणारे बरेच देश आपल्या दुधाला दारात उभं करत नाहीत. लसीकरण चालू आहे, टॅग मारतायत, होईल कधीतरी. पुतण्याचे हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून चालू होतील.

आता माझ्या गोठ्यातलं सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय ‘लेखकाला प्रत्यक्ष अनुभव दिसत नाही’. चार दुभती आहेत माझ्याकडे, दोन एचएफ क्रॉस, एक जर्सी, एक मुऱ्हा म्हैस, आणि दोन गावठी, ज्यांना हल्ली कोकण कपिला म्हणतात, २०१८ ला जात म्हणून नोंद झाली त्यांची. दीड-दोन लिटर देतात, पण सड्यावर (कातळाच्या माळावर) चरून स्वतःच्या पायाने घरी येतात, डॉक्टरचं बिल शून्य. एचएफचा थाट वेगळा. बारा लिटरच्या गायीला पाच किलो सुग्रास पशुखाद्य, माझ्याकडे पोचून १६०-१६५ रुपये. मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) घाटावर सहा रुपये किलो मिळतो तो आंबा घाट उतरून माझ्या दारात येईतो साडेआठ-नऊ होतो, रोज अठरा किलो धरा, दीडशे. म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास नुसतं खाणं. सेंटरवर तेहतीसने बारा लिटरचे ३९६. राहिलेल्या सत्तरात डॉक्टर, औषध, वीज, गडी, आणि दोन-अडीच महिने भाकड उभी असते तेव्हाचं खाणंही त्यातनंच. पावसात इथे जमीन वाळत नाही, गोठ्यात ओल, गोचीड, आणि कासदाह झाला की एक सड गेलाच समजा. मार्च ते मे दमट उकाड्यात ती गाय तोंडाने श्वास घेत उभी असते, बघवत नाही, दूध बारावरनं आठवर.

पहिली दोन वर्षं मी सगळं दूध सेंटरला घातलं. मे-जूनमध्ये डिग्री (दुधाच्या घट्टपणाचं माप) लागायची नाही, एसएनएफ ८.२-८.३, लगेच रेट कट. तक्रार करायला गेलं तर मशीन दाखवायचे, मशीनशी काय भांडणार. एक दिवस सेंटरवर कॅन रिकामा करून परत येताना बाजारात थांबलो आणि घरच्या पाहुण्यांसाठी पिशवीचं दूध घेतलं (आमचं सगळं घालून झालेलं!), छप्पन्न रुपये लिटर. घाटावरनं आलेलं. तिथे डोक्यात उजेड पडला म्हणा. आपल्याकडे दूध कमी आहे हो. पिशवीही घाट उतरून येते आणि वैरणही. मग मी वैरण घाटाच्या भावाने प्लस भाडं देऊन घ्यायची आणि दूध मात्र पावडरीच्या भावाने घालायचं, हा कुठला धंदा?

तेव्हापासून रतीब. सुरुवातीला अकरा घरं होती, आता सदतीस, गायीचं साठ, म्हशीचं ऐंशी. माझी स्पर्धा पिशवीशी आहे, न्यूझीलंडशी नाही. एवढंच मला त्या लेखात म्हणायचं होतं, जरा लांबलं. आपलं दूध चहात जाणाऱ्या दुधाच्या भावाला बांधायचं का पावडरीच्या, हे गायी आणायच्या आधी ठरवायचं.

पण म्हणून रतीब म्हणजे स्वर्ग असंही नाही, हे पुतण्याला नक्की सांगा. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की दूध पुरत नाही, लोक आदल्या दिवशी तांब्या ठेवून जातात, आणि तेच जून-जुलैत अर्धी घरं कुलूपबंद. थंडीत दूध वाढतं तेव्हा पिणारं कोणी नाही. मग बायको लोणी काढते, तूप मोदकांसाठी ऑगस्टपर्यंत राखून ठेवतो, गाय व्याली की चीक खरवसवाल्यांनी आधीच सांगून ठेवलेला असतो. दोन लॉजवाले पर्यटक असले की पनीर घेतात. सप्टेंबर २०२५ पासून पनीरवरचा जीएसटी काढला, तूप-लोण्यावरचा पाच टक्क्यांवर आणला, त्याचा मला फरक पडला नाही कारण मी मुळात बिल करण्याएवढा मोठाच नाही. सरकारी अनुदानाचंही तसंच. जुलै २०२४ ला तीस रुपये भाव प्लस पाच, ऑक्टोबरपासून अठ्ठावीस प्लस सात होतं, पण ते संघाला किंवा प्लँटला दूध घालणाऱ्यांना, रतीबवाल्याला काही नव्हतं.

म्हणून वीस गायी हा आकडा मला खटकतो. वीसात चौदा-पंधरा तरी दुधात, रोजचं दीडशे लिटर. दीडशे लिटर दूध पिणारं गाव लांज्याच्या आसपास शोधून दाखवा, शहरातच विकायला लागेल किंवा सेंटरला घालायला लागेल, आणि सेंटरला घातलं की तो पुन्हा पावडरीला बांधला गेला. हप्ता मात्र ठरलेला. चार गायींपासून सुरू करू दे, स्वतःच्या पडीक जागेत नेपियर गवत लावू दे, भाताचा पेंढा लोक वणव्यात घालवण्याआधी विकत घेऊन उडवी रचू दे, आणि बँकेची फाईल सहा महिने थांबली तर काही बिघडत नाही. गायी कुठे पळून जात नाहीत.

त्याला माझ्याकडे पाठवा. पावसात नको, तेव्हा सगळीकडे हिरवंगार असतं आणि माझंसुद्धा मन भुलतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात येऊ दे, चार दिवस राहू दे. धार पाचला असते, रतीबाची फेरी साडेसहाला निघते, स्कूटरच्या मागे कॅन धरून बसायला माणूस हवाच आहे मला, पोरगा कॉलेजला गेल्यापासून तो कॅन मी दोरीने बांधतोय.