एशियन नाईट मार्केटला जाताय? आधी घरी जेवून घ्या

आशिया खंड फार लांब आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. मालवण, देवगड, गुहागर, अलिबाग ही गावं नेमकी कुठल्या खंडात येतात, असले प्रश्न गेटवर विचारायचे नाहीत. आत लाल कंदील टांगलेत, प्लायवुडचा ड्रॅगन उभा केलाय, त्याच्या दाढीला धरून फोटो काढायला रांग लागली आहे. म्हणजे आतला आशिया अस्सल. तो बघायला माणशी १५० रुपये तिकीट. किनाऱ्यालगतच्या मैदानात हल्ली जोडून सुट्टी आली की असा एक बाजार उभा राहतो आणि आपण सगळे शहाणे तिकडे धावतो. धावायचंच आहे तर तयारीनिशी धावा.

मुंबई-पुण्याहून येणार असाल तर महामार्गाविषयी मी काही बोलत नाही. लवकर निघा.

फार लवकरही पोचू नका. जाहिरातीत संध्याकाळी ५ ते रात्री १२ असं छापलेलं असतं. पाचला गेलात तर वायरमन शिडीवर असतो, सिलिंडर टेम्पोतून उतरत असतात आणि स्टॉलवाला तुम्हालाच विचारतो, "पाणी खंय गावतला?" (पाणी कुठे मिळेल?) शेगड्या पेटायला साडेसात वाजतात. दहा वाजता लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, सकाळी सहापर्यंत, तसा नियमच आहे. निवेदक गप्प झाला की पाठोपाठ निम्मे स्टॉल ताडपत्री ओढून घेतात. नाईट मार्केटातली नाईट अशी अडीच तासांची. तिकीट मात्र अख्ख्या रात्रीचं.

गाडी कापणी झालेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, लावायची. चारचाकीला १०० रुपये, पावती नाही. ज्याच्या तोंडात शिट्टी तो मालक. मेरेवरून, म्हणजे बांधावरून, चाक उतरताना खाली काहीतरी घासल्याचा आवाज येईल. तो आशियाचाच भाग समजा.

कपडे पांढरे घाला. बसायला गवताचे भारे आहेत आणि सगळ्या सॉसांचा रंग एकच आहे.

आता कार्ड. आत रोख चालत नाही, तुमचा फोन दाखवून पैसे देणंही स्टॉलवर चालत नाही. गेटाशी एक तंबू असतो, तिथे ५० रुपयांचं प्लॅस्टिकचं कार्ड घ्यायचं. हे ५० परत मिळत नाहीत, कारण ते कार्डाचे. कार्ड घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचं असेल. त्यात पैसे भरायचे तेही ५०० च्या पटीत. चौघांच्या कुटुंबाने काय करायचं ते नीट समजून घ्या. ५०० भरा. सहा मोमोंची एक प्लेट १८० ला, बबल टीचा एक पेला २२० ला. उरले १००. आता हातातल्या पोराला काडीवरचा बटाटा हवा असतो, तो १२० ला. वीस रुपये कमी पडले. वीस भरता येत नाहीत, ५०० भरावे लागतात, आणि तंबू गेटाशी आहे, तुम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. जा. ५०० भरा, झाले ६००. बटाटा १२०, भाजलेल्या माकुलाची (म्हणजे स्क्विडची) काडी २६०, उरले २२०. नूडल्सचा वाडगा कितीला? २४०. पुन्हा वीस कमी! हा योगायोग वाटत असेल तर तुम्ही फार भले आहात. परत तंबू, परत ५००, झाले ७२०. नूडल्स २४०, आणखी एक बबल टी २२०, आणखी एक मोमो प्लेट १८०. कार्डावर राहिले ८०. अख्ख्या मैदानात ८० रुपयांत मिळणारी एकही 'आशियाई' वस्तू नसते. पाण्याची बाटली ५० ला असते, पण ती कार्डावर मिळत नाही. पाणी तेवढं रोख. रोख चालत नाही ना? पाण्याला चालते.

८० परत मागायला तंबूत गेलात तर तिथला मुलगा म्हणतो, रिफंडचं टेबल वेगळं आहे. ते टेबल स्टेजच्या मागे, साडेनऊला बंद झालेलं. खुर्चीवर एक कागद चिकटवलेला: 'उद्या या'. उद्या तुम्ही पनवेलला असता. काही ठिकाणी फॉर्म भरून घेतात, बँक खात्याचा नंबर लिहायला लावतात आणि सांगतात, सात दिवसांत जमा होतील. कुठले सात दिवस, ते सांगत नाहीत. एका कुटुंबाचे ८०, अशी हजार कुटुंबं धरा, ८०,००० झाले. न शिजवता, न वाढता, भांडं न घासता मिळालेले. आणि हे कार्ड लोकांच्या सोयीसाठी असतं म्हणे! गल्ला सगळा एकाच पेटीत पडावा, स्टॉलवाल्याच्या विक्रीतली टक्केवारी आधी कापून घेता यावी आणि उरलेले पैसे त्याला आपल्या सवडीने द्यावेत, एवढ्यासाठी ते असतं. तुमची सोय त्यात कुठेही नाही. माझ्या खणात असं एक कार्ड आहे, त्याचा दार अडकवायलाही उपयोग होत नाही, इतकं पातळ आहे.

असो. खाण्याकडे वळू.

मोमोच्या रांगेत उभं राहण्याआधी वाफाळणारं भांडं मोजून घ्या. तीन मजले, एका मजल्यावर वीस, म्हणजे एका घाण्याला साठ मोमो, दहा प्लेटी. चिकनचा मोमो नीट व्हायला बारा मिनिटं लागतात. तुमच्या पुढे चाळीस माणसं असतील आणि प्रत्येकाने एकच प्लेट घेतली तरी तुमचा नंबर ४८ मिनिटांनी. एवढा दम कुणालाच नसतो, स्टॉलवाल्यालाही नसतो. नवाच्या सुमाराला तो सहाव्या मिनिटाला झाकण काढू लागतो. वरचं आवरण तोवर पारदर्शक दिसतं, आतला गोळा मात्र गुलाबीच. तेव्हा पहिला मोमो तोडून बघा. आत गुलाबी दिसलं तर प्लेट परत द्या. पैसे कार्डावर परत जात नाहीत, पण पोट वाचतं.

काडीवरचा बटाटा म्हणजे एक बटाटा. हाताने फिरवायच्या यंत्रात घालून त्याची गुंडाळी कापतात, काडीवर ताणतात, तळतात, वर लाल पूड मारतात. कापलेली गुंडाळी पाण्यात ठेवावी लागते, नाहीतर काळी पडते. आणि तळण्याआधी पुसून कोरडी करावी लागते, जे गर्दीत कुणी करत नाही. मग ती तेल पिते, आणि समुद्राच्या दमट हवेत पाच मिनिटांत मान टाकते. बटाटा २०० ग्रॅमचा धरला तरी भाव ६०० रुपये किलो पडला. हापूसवाल्यांनी हे वाचू नये.

माकूल भाजायला दोन-तीन मिनिटं पुरतात. त्यापुढे गेलं की रबर. मग अर्धा-पाऊण तास रश्शात शिजवलं तरच ते पुन्हा मऊ येतं, आणि नाईट मार्केटात रस्सा नसतो. तिथे सातला भाजलेल्या काड्या ट्रेमध्ये रचून ठेवतात आणि तुम्ही आलात की तव्यावर पुन्हा गरम करतात. सकाळी बंदरावर जे माकूल ताजं फडफडीत होतं, त्याची चप्पल करायला २६० रुपये घेतात.

बबल टीमधले काळे मणी हे आपल्या साबुदाण्याचे सख्खे भाऊ, टॅपिओकाच्याच पिठाचे. हा चहा तैवानात १९८० च्या दशकात निघाला. मणी अर्धा तास उकळायचे, तेवढाच वेळ झाकून ठेवायचे, गुळचट पाकात टाकायचे आणि तीन-चार तासांत संपवायचे. आपल्याकडे दुपारी दोनला उकळून बर्फाच्या डब्यात ठेवतात. गार झालं की ते पीठ घट्ट होतं, आणि रात्री नवाला नळीतून वर येतात ते सागरगोटे. एकादशीला साबुदाणा जरा चिकट झाला तर घरात तोंड वाकडं करणारी माणसं हे २२० रुपयांचे सागरगोटे चावत 'ऑथेंटिक' म्हणतात.

बसायला टेबल कुठलं धरावं? कुठलंच नाही. मांडणी करणाऱ्याला 'सी व्ह्यू' द्यायचा असतो, म्हणून टेबलं समुद्राकडे आणि भट्ट्या जमिनीच्या बाजूला. संध्याकाळी खारा वारा असतो, तेव्हा वाळू थेट वाडग्यात. रात्र चढली की मतलई सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि सगळ्या भट्ट्यांचा धूर टेबलांवर. गावातल्या कुठल्याही रापणकाराला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला, विचारलं असतं तर त्याने फुकट सांगितलं असतं. फुकट सांगतो म्हणूनच त्याला विचारलं नसावं.

शेवटच्या ओळीत, फिरत्या शौचालयाला लागून, बचत गटाचा स्टॉल असतो. तिकडे चुकूनही जाऊ नका. तिथे आशियातलं काही मिळत नाही, फक्त शिरवाळे मिळतात: तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच शेवग्यात, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यात, घालून दोघींनी जोर लावून दाबायचे, आणि त्या शेवया गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात वाढायच्या. हेच तुम्ही मघाशी 'राईस नूडल्स इन कोकोनट मिल्क' या नावाने २४० रुपयांना घेतलंत. ते पाकिटातले होते. इथे ताजे आहेत, ६० ला आहेत, आणि रांग नाही. रांग का नाही, हे विचारू नका. त्या स्टॉलवर कंदील नाही.

दिव्यांचं कौतुक करायला विसरू नका. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं याच किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की जिकडे उजेड जास्त तिकडे चालू लागतात, कारण अंधाऱ्या रात्री समुद्रच जमिनीपेक्षा उजळ असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला माणसं घरट्यांभोवती राखण करतात. आपण प्रखर दिवे समुद्राकडे तोंड करून लावतो. पिल्लांनाही मोमो हवे असतील.

आता खरं नाईट मार्केट कसं असतं म्हणाल, तर तैवानात कीलुंग नावाचं बंदराचं गाव आहे. आपल्यासारखंच, पाऊस फार, मासळी भरपूर. तिथल्या रात्रीच्या बाजाराचं नाव मियाओकोउ, म्हणजे देवळाचं तोंड. देवळात येणाऱ्यांसाठी समोर गाडे लागले, त्यांचा बाजार झाला. तैपेईतला राओहे रस्त्यावरचा बाजारही एका टोकाला देऊळ धरूनच आहे. मलेशियात पासार मालाम आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या वस्तीत भरतो, आपल्या आठवडा बाजारासारखा. यांच्या वाटेवर कुणी अडवत नाही. तिकीट नसतं. रस्ता असतो, गाडा असतो, एकेका गाड्यावर वर्षानुवर्षं एकच पदार्थ असतो, आणि ज्याने भाजलं त्याच्याच हातात पैसे द्यायचे.

देवळासमोर रात्री गाडे, तिकीट नाही, ज्याने तळलं त्याच्या हातात पैसे. कुठेतरी बघितल्यासारखं वाटतं ना? आंगणेवाडीला भराडी देवीच्या जत्रेत बघितलं. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला बघितलं. गावोगावच्या जत्रांत खाज्याचे ढीग, शेंगदाण्याचे लाडू, गरम भजी, बांगड्या, पाळणे, आणि मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं दशावतारी नाटक. जत्रेत धूळ असते, धक्के असतात, खाजं कधी कधी शिळंही मारतात. पण मारणारा समोर उभा असतो, त्याला दोन शब्द ऐकवता येतात. कार्डाला काय ऐकवणार?

आणि आपण! मासळी बाजारात पाच बांगडे शंभरला घेतले की सहावा वर टाक म्हणून त्या बाईशी पाच मिनिटं घालतो. आणि इथे? पार्किंग १००, तिकिटं ६००, कार्ड ५०, भरलेले १५००, पाणी २००. एकूण २४५०, चौघांत मिळून बारा मोमो, एक बटाटा, एक चप्पल, एक वाडगा आणि दोन पेले सागरगोटे. परतताना तिठ्यावर गाडी थांबवून पोरांना भुर्जीपाव घालावा लागतो, तरी दुसऱ्या दिवशी फोटो टाकून लिहितो, 'अमेझिंग व्हाइब्स'. लाज वाटत नाही?

बाटलीवर २० छापलं असेल तर २० च द्या. स्टॉलवर नुसती बाटली विकताना छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, फोन तिथेच उभं राहून लावा, घरी जाऊन नव्हे. बिल मागा, खाद्य परवान्याचा १४ आकडी नंबर बिलावर असायलाच हवा, नसेल तर विचारा. मोमो कच्चा असेल तर मोठ्याने सांगा, मागच्या चाळीस माणसांनाही कळू दे. लोक बघतील म्हणून गप्प बसता, आणि तुम्ही गप्प बसता म्हणून पुढच्या वर्षी तिकीट २०० होतं.

आणि भरवणाऱ्यांनो, कंदील लावा, ड्रॅगन लावा, हवं तर दोन लावा. पण माणूस पैसे खर्च करायला आला आहे, त्याला आत यायचे पैसे कसले घेता? बचत गटाच्या बायकांना शौचालयाशेजारून उठवून गेटाशी बसवा, त्यांचे पैसे त्याच रात्री द्या. दिवे समुद्राकडून वळवा. आणि ते कार्ड ठेवायचंच असेल तर रिफंडचं टेबल गेटावर मांडा, तिथे पैशांची पेटी घेऊन माणूस बसवा, आणि शेवटची गाडी कुणग्यातून बाहेर पडेपर्यंत त्याला उठू देऊ नका.