‘माझ्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखं आहेच काय?’

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा सारांश असा: हॅकर बँकांच्या मागे असतात, घरच्या कॉम्प्युटरला कोण हात लावतो? लावलाच तर मशीन मंद होतं, लगेच कळतं. बंद करून चालू केलं की सगळं साफ. आणि अपडेट म्हणजे जुनं मशीन हळू करून नवं गळ्यात मारायचा कंपन्यांचा डाव. खाली अर्थातच ‘सर्वांना पाठवा’. चांगल्या शिकल्यासवरलेल्या तिघांनी मलाही पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

‘चोरण्यासारखं काही नाही.’ नसेलही. तुमचे लग्नाचे फोटो आणि लाइट बिलाच्या पीडीएफ कोणाला नकोच आहेत. हवा असतो तो तुमचा पत्ता. तुमच्या इंटरनेट जोडणीला जो आयपी पत्ता असतो तो साध्या घरगुती ग्राहकाचा, त्यामुळे त्याच्यावर सहसा संशय येत नाही. ही सोज्वळ ओळखच भाड्याने दिली जाते, फक्त भाडं तुम्हाला मिळत नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ‘९११ एस५’ नावाचं, परस्पर ताब्यात घेतलेल्या मशीनांचं असं जाळं मोडलं आणि ते चालवल्याच्या आरोपावरून युनहे वांग या चिनी नागरिकाला सिंगापुरात अटक झाली. जाळ्यात जवळपास २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते होते, आणि त्यामागे होते लोकांच्या घरचे विंडोज कॉम्प्युटर. कोणी दार फोडलं नव्हतं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन असली फुकटची व्हीपीएन (इंटरनेटवर आपला पत्ता लपवणारे प्रोग्राम) लोकांनी आपल्या हाताने टाकून घेतली होती. काहींकडे ती चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत आली. अमेरिकी सरकारच्या म्हणण्याप्रमाणे या पत्त्यांच्या आडून बेकारभत्त्याचे ५ लाख ६० हजार खोटे दावे झाले आणि ५९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. बॉम्बच्या धमक्याही याच आडोशाने दिल्या गेल्या. तपास सुरू झाला की पोलिसांना आधी दिसतो तो घरमालकाचा पत्ता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

‘मशीन मंद झालं की कळतं.’ कधी कधी कळतं. पण मशीन कुरकुरलं तर मालक ते दुरुस्तीला नेणार आणि आपली सोय जाणार, हे घुसलेल्यालाही कळतं. तो जपूनच राहतो. अशी सगळी मशीनं एकदम एखाद्या वेबसाइटवर सोडून ती बंद पाडायची असते तेव्हाही एकेका मशीनने थोडा थोडा मारा केला तरी भागतं, कारण मशीनं लाखो असतात.

‘बंद करून चालू करा.’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच जास्त घातक. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डबे (डीव्हीआर) आणि घरच्या राउटरांमध्ये घुसला. तो फक्त मेमरीत राहायचा, म्हणजे बंद-चालू केलं की खरोखर जायचा. पण जुना पासवर्ड तसाच असला की काही मिनिटांत परतही यायचा. त्याच्याकडे कारखान्यातूनच ठरून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, त्यात अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन होतं, ८८८८८८ होतं. एवढ्या किल्ल्यांवर काम भागलं! २१ ऑक्टोबर २०१६ ला या जाळ्याने वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या ‘डिन’ या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनात. पुढच्याच महिन्यात त्याच्या एका भावंडाने जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पाडलं. विंडोजवरचे बहुतेक असले घुसखोर प्रोग्राम तर मशीन चालू होताना स्वतःही चालू होतील अशी तजवीज करूनच बसतात. तिथे तुम्ही दिवसातून दहा वेळा रीस्टार्ट करा.

मात्र इथे कंपन्यांवरचा राग मला पटतो. मिराईला बळी पडलेल्या कित्येक कॅमेऱ्यांत पासवर्ड आतच कोरलेला होता, मालकाने बदलायचा म्हटलं तरी बदलता येत नव्हता. त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती उपकरणांवर सरसकट एकच सोपा पासवर्ड ठेवून विकायला कायद्याने बंदी घातली. हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

अपडेटबद्दल एकच आठवण पुरे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८ मध्ये विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला. ‘कॉन्फिकर’ नावाचा घुसखोर प्रोग्राम आला नोव्हेंबरात, त्याच भोकातून, आणि लाखो मशीनं घेऊन गेला. औषध रोगाच्या आधी आलं होतं, घेतलं कोणी नव्हतं. आपल्याकडे तेव्हा चोरीची विंडोज घालून देणारा दुकानदार जाता जाता अपडेट बंद करून द्यायचा, आणि आपण त्याचे आभार मानायचो.

शंका असेल तर सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे, फेब्रुवारी २०१७ पासून. मशीन साफ करायची साधनं तिथे फुकट मिळतात. ग्रुपवर विचारलं तर एकालाही नाव माहीत नव्हतं.

ग्रुपवरून आठवलं. आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड, बसवणाऱ्याने ठेवला तसा, डब्यावर छापलेलाच होता. रविवारी तो बदलला. सेक्रेटरींनी नवा पासवर्ड सर्वांच्या माहितीसाठी लगेच ग्रुपवर टाकला. सोमवारी पुन्हा बदलला.