कारल्याच्या रसाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय वाचल्यावर मी आपण नेलेल्या बॅचमधली एक बाटली गोदामातून मागवून घेतली आणि ती समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. पुण्याहून फ्रँकफर्टला आलेल्या आपल्या आईंसाठी आपण आमच्याकडून कारल्याच्या रसाच्या दोन बाटल्या नेल्या. पहिली बाटली उघडल्यापासून नवव्या दिवशी फुगली आणि झाकण फिरवताच फेस ओट्यावर सांडला. तेव्हा आपण दुसऱ्या बाटलीवरचे जर्मन स्टिकर नखाने सोलून पाहिले, तर खाली ‘मधुमेहावर गुणकारी’ ही ओळ निघाली, घटकांच्या यादीत आयएनएस २११, म्हणजे सोडियम बेन्झोएट, हे प्रिझर्व्हेटिव्ह निघाले, आणि मिठाचा आकडाही वर एक, खाली दुसराच. त्यावरून ‘लेबल झाकून शिळा माल खपवतात’ असे आपण लिहिले आहे. माल शिळा नव्हता, हे मी जबाबदारीने सांगतो. पण आमच्याकडून चूक झालेली आहे आणि तीही इथे सर्वांसमक्षच सांगायला हवी.

आधी फुगलेल्या बाटलीविषयी. भारतात मिळणाऱ्या अशा रसांत बहुधा सोडियम बेन्झोएट असते, म्हणून उघडलेली बाटली फ्रिजमध्ये बरेच दिवस टिकते, आणि घरी पडलेल्या सवयीने आपणही तोच हिशेब धरला असणार. युरोपीय संघात बेन्झोएट शीतपेयांत ठरावीक मर्यादेपर्यंत चालते, परंतु आम्ही आणतो तशा भाजीच्या रसात चालत नाही. त्यामुळे आमचे पुरवठादार निर्यातीची बॅच बेन्झोएट न घालता काढतात. रस गाळून त्यात लिंबाचा रस मिसळतात, तो तापवतात आणि गरम असतानाच बाटलीत भरतात. लिंबाचा आंबटपणा आईंना आवडला नाही असे आपण म्हटले आहे, पण ते लिंबू चवीसाठी घातलेले नाही. भाज्यांचा रस बहुतेक फळांच्या रसाइतका आंबट नसतो, आणि त्याचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितका रस आंबट) ४.६ च्या वर राहिला तर बंद बाटलीतसुद्धा बोटुलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. २००६ साली अमेरिकेत आणि कॅनडात गाजराच्या रसातून अशी विषबाधा झालेली आहे. लिंबामुळे हा धोका टळतो. यीस्ट मात्र आंबट रसातही मजेत वाढते. झाकण एकदा उघडले की बाहेरचे यीस्ट आत शिरते, रसातल्या थोड्याशा साखरेवर पोसते, वायू धरतो आणि बाटली टम्म होते. म्हणूनच हा रस उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवायचा असतो.

ही सूचना स्टिकरवर आहे, पण फक्त जर्मनमध्ये आणि अगदी शेवटच्या ओळीत. अक्षराची उंची कायद्याने किमान १.२ मिलिमीटर लागते आणि आम्ही बरोबर तेवढीच ठेवली होती. आज बाटली हातात धरून ती ओळ वाचायला मला चष्मा वर-खाली करावा लागला. आमच्याकडे येणाऱ्यांत मराठी घरे पुष्कळ, त्यांच्याकडे उन्हाळ्यात आई-वडील राहायला येतात, आणि हा रस मुख्यतः त्यांच्यासाठीच नेला जातो, हे आम्हाला ठाऊक असूनही काउंटरवर तोंडी सांगायचे आम्हाला सुचले नाही. बाटली फुगली त्याचे कारण हे आहे आणि दोष आमचा आहे.

आता स्टिकरखाली काय होते ते. अमुक पदार्थ अमुक रोगावर गुणकारी आहे असे खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर लिहायला युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमाने मनाई आहे, म्हणून ती ओळ झाकणे आम्हाला भागच होते आणि ती उघडी ठेवून आम्ही माल विकणारही नाही. मिठाचे दोन्ही आकडे बरोबर आहेत: मूळ लेबलवर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे, इथे सोडियमऐवजी मीठ लिहावे लागते, आणि सोडियमला २.५ ने गुणले की ०.३ ग्रॅम मीठ येते.

आयएनएस २११ चा खुलासा मात्र मला इतका सहज करता येत नाही. पुरवठादारांकडची निर्यातीची लेबले संपली होती, म्हणून त्यांनी भारतातल्या विक्रीची लेबले लावून माल पाठवला. हॅम्बुर्गहून पेट्या आल्या त्याच दिवशी हे आमच्या लक्षात आले. आम्ही एक बाटली इथल्या प्रयोगशाळेत तपासून घेतली, रसात बेन्झोएट आढळले नाही, आणि मग जुने लेबल न काढता त्यावरच आमचे स्टिकर लावून माल मांडला. काम उरकले असे तेव्हा वाटले. पण ग्राहकाने स्टिकर सोलले तर त्याला काय दिसेल, आणि ते पाहून तो आमच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवील, याचा विचार आम्ही केला नाही. बाटलीवर आयातदार म्हणून नाव आणि पत्ता आमचा आहे. कारखाना महाराष्ट्रात असला तरी इथल्या ग्राहकाला जाब आम्हीच द्यायचा. या बॅचच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या काल फळीवरून उतरवल्या आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल काउंटरवर ठेवला आहे, कोणीही मागून पाहावा. पुढचा माल निर्यातीच्या लेबलाशिवाय आला तर तो आम्ही उतरवून घेणार नाही, आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा’ अशी ठळक मराठी चिठ्ठी असेल.

किमतीबद्दल थोडक्यात. बिलातले जादा २५ सेंट ही फांड, म्हणजे बाटलीची अनामत आहे. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत रसांच्या प्लास्टिक बाटल्यांनाही ती लागू आहे आणि रिकामी बाटली परत केली की मिळते. ताज्या कारल्यावर ७ टक्के कर लागतो, रसावर १९ टक्के. शेजारच्या रिफॉर्महाउसमधला, म्हणजे इथल्या आरोग्यदायी खाद्यपदार्थांच्या दुकानातला, बिटाचा रस स्वस्त पडतो हे आपले म्हणणे खरे आहे. बीट इथेच पिकते.

दोन्ही बाटल्यांचे पैसे अनामतीसह परत घ्यावेत, बिल नसले तरी चालेल. सोललेली बाटली उघडली नसेल तर कृपया तीही घेऊन यावी. फेसाळलेल्या रसातला थोडा आईंच्या पोटात गेला का, हे आपण लिहिलेले नाही. गेला असेल आणि पोट बिघडले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि मला दुकानात कळवावे. आणखी एक विनंती आहे. आई मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर रोज कारल्याचा रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण गोळी आणि रस मिळून साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, आणि लेबलवरची ती ओळ वाचून कोणी गोळी बंद करू नये.

आपला,
दुकानमालक, फ्रँकफर्ट