गुस हिडिंक म्हणजे फक्त 'तो कोरियावाला' नव्हे

डच फुटबॉल प्रशिक्षकांचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेनेच जातात. रिनस मिखेल्स, योहान क्रायफ, फार तर लुई व्हॅन गाल. टोटल फुटबॉल, आयाक्स, बार्सिलोना. 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये यजमान दक्षिण कोरियाला उपांत्य फेरीत नेणाऱ्या गुस हिडिंकचं नाव आलंच तर "हो, तो कोरियावाला" म्हणून विषय संपतो. मला हे मनापासून खटकतं. हिडिंकने स्वतःच्या नावाची कुठली शैली मागे ठेवली नाही, त्यामुळे त्याच्यावर प्रबंध लिहिले जात नाहीत. पण समोर जी माणसं आहेत त्यांना नीट पाहणं आणि त्यांच्याकडून त्यांनाही अशक्य वाटणारं काम करून घेणं यात त्याच्या तोडीचा प्रशिक्षक मला तरी दुसरा दिसत नाही.

त्याची सुरुवात बघा. जन्म 1946 चा, नेदरलँड्सच्या पूर्वेकडच्या फार्सेफेल्ड या छोट्या गावातला. खेळाडू म्हणून बरा, बहुतेक काळ डे ग्राफस्काप या लहानशा क्लबात. खेळत असतानाच तो विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचा. या नोकरीचा उल्लेख बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात. मला मात्र त्याच्या कारकिर्दीची किल्ली तिथेच दिसते. अशा वर्गात एकच पद्धत सगळ्यांना लावून चालत नाही. कोणावर आवाज चढवायचा, कोणाला थोडा वेळ एकटं सोडायचं, हे रोज मूल पाहूनच ठरवावं लागतं.

1988 मध्ये त्याच्या पीएसव्ही आइंडहोव्हनने डच लीग, डच कप आणि युरोपियन कप असे तिन्ही किताब एकाच मोसमात जिंकले. त्या युरोपियन कपमध्ये उपांत्यपूर्व फेरीपासूनचे पाचही सामने बरोबरीत सुटले होते. बोर्दो आणि रेआल माद्रिदला त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलच्या नियमावर (दोन सामन्यांची बेरीज सारखी असेल तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) मागे टाकलं आणि श्टुटगार्टच्या अंतिम सामन्यात बेनफिकाला पेनल्टी शूटआउटमध्ये 6-5 ने. यावरून नाक मुरडणारे आजही भेटतात. मी त्यातला नाही. बर्नाबेऊवर 1-1, मग घरी 0-0 असं रेआल माद्रिदला रोखायला छातीत दम लागतो.

पुढे 1992 मध्ये तो व्हॅलेन्सियात होता. एका सामन्याआधी स्टेडियममध्ये नाझी चिन्हाचा फलक लटकलेला त्याला दिसला. तो उतरवल्याशिवाय सामना नाही, असं त्याने सांगितलं आणि फलक उतरवायला लावला. त्याचे वडील युद्धकाळात नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते. त्याने चषक उंचावल्याच्या फोटोंपेक्षा हा प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो.

आणि डच खेळाडू एडगर डेव्हिड्स. 1996 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत, हिडिंक डच संघाचा कोच असताना डेव्हिड्सने जाहीरपणे हिडिंकविरुद्ध अत्यंत शिवराळ भाषा वापरली. हिडिंकने त्याला स्पर्धेतूनच घरी पाठवलं. बहुतेक प्रशिक्षकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपली असती, कारण राष्ट्रीय संघाच्या कोचचा अहंकार लहान नसतो. दोन वर्षांनी हिडिंकने त्याच डेव्हिड्सला वर्ल्ड कपला नेलं. युगोस्लाव्हियाविरुद्ध बाद फेरीत शेवटच्या मिनिटांत विजयी गोल कोणी मारला? डेव्हिड्सनेच. तो संघ उपांत्य फेरीत ब्राझीलकडून पेनल्टींवर हरला. त्याच स्पर्धेत त्यांनी दक्षिण कोरियाला 5-0 ने झोडपलं होतं, इतकं की कोरियाने स्पर्धा चालू असतानाच आपल्या कोचला घरी पाठवलं.

म्हणजे 2001 च्या सुरुवातीला हिडिंक कोरियात आला तेव्हा या संघाची दशा त्याने प्रतिस्पर्ध्याच्या बाकावरून स्वतः पाहिलेली होती. तोवर कोरिया पाच वर्ल्ड कपमध्ये 14 सामने खेळला होता आणि त्यातला एकही जिंकला नव्हता. त्यावर खुद्द कोरियन लोकांचं ठरलेलं निदान असं होतं: आमच्याकडे दम आहे, जिद्द आहे, फक्त कौशल्य कमी पडतं. हिडिंकने काही आठवडे पाहिलं आणि नेमकं उलट सांगितलं. तुमची पोरं दोन्ही पायांनी उत्तम खेळतात, कमी पडतो तो दमच. 90 मिनिटं त्याच वेगाने पुन्हा पुन्हा धावण्याची ताकद त्यांच्यात नाही.

एखाद्या देशाला 'तुमचं स्वतःबद्दलचं मतच चुकीचं आहे' हे परक्या माणसाने सांगणं सोपं नसतं. त्यात निकाल भीषण. कॉन्फेडरेशन्स कपमध्ये फ्रान्सकडून 0-5, मग चेक प्रजासत्ताकाकडून पुन्हा 0-5. तिथल्या पत्रकारांनी त्याला 'पाच-शून्य' असंच नाव पाडलं. त्याने कार्यक्रम बदलला नाही. तंदुरुस्तीची मेहनत चालूच राहिली. तगड्या संघांशीच खेळत राहिला. सोप्या विजयांनी टीकाकारांची तोंडं बंद करायचा मार्ग त्याला खुला होता, तो त्याने घेतला नाही.

दुसरी गोष्ट ज्येष्ठतेची. कोरियन संघात धाकट्याने थोरल्यापुढे तोंड उघडायचं नाही, जेवायलाही वयाप्रमाणे वेगळं बसायचं, अशी रीत. मैदानावर याचा परिणाम असा की वीस वर्षांचा पोरगा मोकळा उभा असला तरी तिशीतल्या खेळाडूकडे ओरडून पास मागत नसे. हिडिंकने मैदानात सगळ्यांना एकमेकांना नावाने हाक मारायला लावली आणि जेवणाच्या टेबलावर लहानमोठे एकत्र बसवले. आपल्याकडे क्लबपासून कार्यालयापर्यंत हे दृश्य कोणाला अनोळखी आहे?

वर्ल्ड कपच्या तोंडावर तेच फ्रान्स पुन्हा समोर आलं. यावेळी निकाल 2-3. हरले, पण हा दुसराच संघ होता. मग बुसानला पोलंडवर 2-0, अमेरिकेशी 1-1, आणि पोर्तुगालवर 1-0, तो गोल पार्क जी-सुंगचा.

इटलीविरुद्धचा बाद फेरीचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाचला होता. ज्यांनी तो पाहिला ते विसरले नसतील. आन जंग-ह्वानने सुरुवातीलाच पेनल्टी दवडली, व्हिएरीने गोल केला आणि इटली नेहमीसारखी दार लावून बसली. दुसऱ्या सत्रात हिडिंकने एक बचावपटू काढून आघाडीचा खेळाडू आणला. मग बचावाकडे पाहणारा मधल्या फळीचा खेळाडू काढून आणखी एक. 83 व्या मिनिटाला तर बचावाचा कणा असलेला कर्णधार हाँग म्युंग-बोच बाहेर, आत आणखी एक फॉरवर्ड. 88 व्या मिनिटाला सोल की-ह्यनने बरोबरी साधली आणि 117 व्या मिनिटाला, पेनल्टी दवडूनही ज्याला हिडिंकने मैदानावरून काढलं नव्हतं, त्या आनने गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत होताच सामना संपवणारा गोल, केला.

पंचांबद्दल बोलायलाच हवं. इटलीच्या तोत्तीला दाखवलेलं लाल कार्ड, इटलीचा नाकारलेला गोल, पुढच्या फेरीत स्पेनचे रद्द झालेले दोन गोल. इटली आणि स्पेनचा राग मला रास्त वाटतो. कोरियन संघटनेने खेळाडू क्लबांकडून सोडवून कित्येक महिने त्याच्या ताब्यात दिले, ही चैन दुसऱ्या कुठल्या राष्ट्रीय कोचला मिळत नाही, हेही खरं. पण पंचांनी कोणाला दोन तास धावायची ताकद दिली नव्हती. ती दीड वर्षात कमावलेली होती. उपांत्य फेरीत जर्मनीने त्यांना हरवलं तेही बालाकच्या एकाच गोलने.

ज्यांना हा सगळा घरच्या मैदानाचा चमत्कार वाटतो त्यांनी पुढचं पाहावं. कोरियानंतर तो पीएसव्हीत परतला आणि 2005 मध्ये त्याच्या पीएसव्हीने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मिलानला घरी 3-1 ने हरवलं. पहिला सामना 0-2 गेला असल्याने मिलानच्या त्या एका गोलवर ते बाहेर पडले. त्या रात्री पहिला गोल पार्क जी-सुंगचा होता. हिडिंकने त्याला जपानमधल्या क्लबातून आणलं, तेव्हा सुरुवातीला घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. म्हणून काही काळ हिडिंक त्याला फक्त बाहेरच्या सामन्यांत खेळवत होता. पोर मोडू नये म्हणून केलेली ही काळजी. त्या मोसमानंतर पार्क मँचेस्टर युनायटेडला गेला.

त्याच वर्षी, पीएसव्ही सांभाळतच, त्याने ऑस्ट्रेलियाही घेतला. 1974 नंतर त्यांनी वर्ल्ड कप पाहिला नव्हता. सिडनीत उरुग्वेविरुद्धच्या पात्रता सामन्यात कार्ड मिळालेल्या पोपोविचला त्याने अर्ध्या तासातच काढलं, बचावपटूच्या जागी आक्रमक खेळाडू हॅरी क्यूएल आणला, आणि काही मिनिटांत क्यूएलच्या चुकलेल्या फटक्यावर ब्रेशियानोने गोल केला. पेनल्टींवर ऑस्ट्रेलिया 2006 च्या वर्ल्ड कपसाठी जर्मनीला पोचला. तिथे जपानविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल, तिन्ही बदली खेळाडू म्हणून आलेल्या केहिल आणि अलॉयसीचे. मग 2008 च्या युरोत रशिया. स्पेनकडून 1-4 ने सुरुवात, आणि उपांत्यपूर्व फेरीत थेट त्याच्या स्वतःच्या नेदरलँड्सवर 3-1. अर्शाविन त्या रात्री जे खेळला ते पुन्हा पाहावं असंच आहे.

उतारही होता, तो मी लपवणार नाही. 2007 मध्ये करचुकवेगिरीबद्दल त्याला न्यायालयाने दोषी ठरवलं. रेआल माद्रिदने काढून टाकलं, तुर्कस्तान युरोला पोचलं नाही, 2014-15 ची डच संघाची दुसरी कारकीर्द तर पाहवत नव्हती. पुढे चीनच्या ऑलिंपिकसाठी घडवायच्या तरुण संघावर तो गेला. 2019 मध्ये तो संघ व्हिएतनामकडून 0-2 ने हरला आणि लवकरच हिडिंकची नोकरी गेली.

व्हिएतनामच्या बाकावर तेव्हा पार्क हँग-सो होता, 2002 मध्ये कोरियात हिडिंकच्या हाताखाली सहायक असलेला. पार्कने तोवर व्हिएतनामी फुटबॉलला आशियात जे स्थान मिळवून दिलं होतं, ते त्याआधी कोणी कल्पिलंही नव्हतं. हाँग म्युंग-बो पुढे कोरियाचा कोच झाला आणि त्याच्या तरुण संघाने 2012 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. क्रायफचा वारसा सांगताना आपण त्याच्याच हाताखाली खेळून पुढे प्रशिक्षक झालेल्या ग्वार्दिओलाचं नाव घेतो. मग हिडिंकच्या वारशात पार्क हँग-सो आणि हाँग म्युंग-बो यांची नावं का घेत नाही? माझ्या यादीत डच प्रशिक्षकांत मिखेल्सच्या लगेच नंतर हिडिंक येतो, व्हॅन गालच्या आधी. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल वाद घालावा, मी कमेंटमध्ये आहेच.