खायचं नाही, पण खाल्लं तरी चालेल

तीन वर्षांच्या मुलाचे डोळे हे फक्त वस्तू हेरायला असतात. ती वस्तू काय आहे याचा निकाल जीभ लावते. माझ्या भाच्याने आजवर खडू, मेणबत्ती, रिमोटचं बटण आणि माझ्या चपलेचा पट्टा यांवर आपलं मत नोंदवलेलं आहे. चपलेबद्दल मत चांगलं होतं. तो पुन्हा आला होता.

सुट्टीत ताईने दोन्ही मुलं माझ्याकडे सोडली, तेव्हा सोबत सूचनांचा एक कागदही सोडला. मोबाइल नाही, टीव्ही अर्धा तास वगैरे नेहमीचं झाल्यावर शेवटी लिहिलं होतं : ‘दोघांना आकार करून खेळायला घरी केलेली क्ले दे. खाता येईल अशीच कर. पण खाऊ देऊ नकोस.’

“अगं, विकतची आणते की,” मी फोनवर म्हटलं.

“त्यात काय काय घालतात देव जाणे!”

देवाला त्रास देण्याची गरज नव्हती. या क्लेचा इतिहास चांगला छापील आहे. आज प्ले-डो म्हणून जगभर विकली जाणारी क्ले मुळात खेळणं नव्हतीच. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या एका साबण कंपनीने बनवलेला तो भिंतीवरचा कागद साफ करायचा लगदा होता. घरं कोळशावर ऊबवली जात, काजळी धरे, आणि हा गोळा भिंतीवर फिरवला की ती निघे. पुढे घरांत गॅस आला, काजळी गेली, धुता येणारे कागद निघाले आणि कंपनी बुडायला आली. तेव्हा मालकांच्या नात्यातल्या के झुफॉल नावाच्या बालवाडीच्या बाईंनी तो लगदा मुलांच्या हातात दिला, आणि १९५६ साली भिंत पुसायचं सामान खेळणं म्हणून बाजारात आलं. ती क्ले विषारी नसते, पण ती खाण्यासाठीही नसते. एवढं सगळं मी ताईला सांगितलं. तिने शेवटचंच वाक्य ऐकलं. “बघ! म्हणूनच घरी कर.”

घरी करायची सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे मिठाची : दोन भाग मैदा, एक भाग मीठ, थोडं तेल, पाणी. हिचा सगळा युक्तिवाद असा की ती इतकी खारट असते की मूल एकदा तोंडात घालील आणि थुंकेल. कृती लिहिणाऱ्यांनी आमचा भाचा पाहिलेला नाही. तो मिठाच्या डबीला बोट लावून चाटतो. एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात जाणं खरोखरच धोक्याचं असतं, घरात कुत्रा असेल तर त्यालाही. तेव्हा जी क्ले खाण्याच्या नावाखाली सगळ्यात जास्त खपते, तीच आधी बाद.

मग बिनमिठाची, नुसत्या पिठाची? तिथे वेगळीच भानगड. पीठ दिसायला कितीही सोज्वळ असलं तरी ते कच्चं असतं. धान्य दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. २०१६ साली अमेरिकेत कच्च्या पिठातल्या ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे अनेक राज्यांत माणसं आजारी पडली आणि बाजारातून पीठ परत मागवावं लागलं. “मग भाजून घे ना,” ताई म्हणाली. तिथल्या अन्न खात्याचं म्हणणं की घरी भाजलेल्या कोरड्या पिठावरही भरवसा ठेवू नये. हे ऐकून ताई क्षणभर गप्प झाली. आमच्या बहिणी-बहिणींच्या नात्यात हे क्वचितच घडतं.

शेंगदाण्याचं बटर आणि दूध पावडर मळून एक झकास गोळा होतो म्हणतात. पण दुपारी शेजारची मुलं येतात आणि त्यातल्या कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे खेळ रंगात आल्यावर कळणं बरं नाही. मधाची कृतीही होती. शेजारचं रांगतं बाळही येतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. एव्हाना खेळण्यातला खेळ संपून माझं औषध खातं सुरू झालं होतं.

शेवटी उरलं कंडेन्स्ड मिल्क, कॉर्नफ्लोअर आणि चमचाभर लोणी. हे मंद आचेवर ढवळत राहायचं. ‘ढवळत राहा’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याला काय लागतात? कॉर्नफ्लोअरचे कण गरम झाल्यावर ओल शोषून फुगतात आणि मिश्रण घट्ट होतं, हे शास्त्र. पण साखर जितकी जास्त तितकं हे फुगणं लांबतं, आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखरेशिवाय फारसं असतं काय! बराच वेळ काहीच होत नाही. हात बदलावा लागतो. आयुष्याचे जुने हिशेब आठवतात. मग तुम्ही नाक खाजवायला वळता तेवढ्यात ते भांड्याच्या कडा सोडून डावाला लोंबतं.

रंगाचं खातं थोरलीने घेतलं. ती सात वर्षांची आहे आणि तिला निळा हत्ती हवा होता. बाटलीतला रंग ताईच्या कागदावर बाद होता. बीटाने गुलाबी होतं, पालकाने हिरवं, हळदीने पिवळं. निळं मात्र स्वयंपाकघरात सहजासहजी मिळत नाही. त्याला जांभळा कोबी उकळावा लागतो, आणि त्या पाण्यात कणभर खायचा सोडा टाकला की ते निळं पडतं. कणाचे दोन कण झाले की हिरवट. थोरलीने पहिला रंग पाहून “हा आजारी हत्ती आहे” असं सांगितलं. सोडा नखावर मोजत अखेर तिला पसंत पडेल असा निळा जमला, आणि घरभर उकडलेल्या कोबीचा वास भरला.

खेळ मात्र जोरात झाला, हे कबूल केलं पाहिजे. थोरलीने हत्ती केला, सोंडेसकट. धाकट्याने पिवळ्या गोळ्याचा साप केला आणि शेपटीकडून खायला घेतला.

“मावशी, तो खातोय!”

“थोडं चालतं गं.”

“मग मला का नाही म्हणालीस?”

“तूही नको खाऊस.”

“मग त्याला?”

या प्रश्नाला उत्तर नाही. धाकटा तेवढ्यात सापाच्या मानेपर्यंत पोचला होता. दात घासायचं त्याला कसं सांगायचं या विचारात मी असताना न्हाणीघरातून किंकाळी आली. थोरलीने हात साबणाने धुतले होते आणि ते पिवळ्याचे लाल झाले होते. हळद साबणाला भेटली की लालच होते, लिंबू चोळलं की परत पिवळी. हे समजावलं, लिंबू आणलं, हात पिवळे झाले. मग तिने पुन्हा साबण लावला. मग धाकट्यालाही लाल हात हवे झाले. माझ्या मते सबंध दुपारीतला सर्वांत उत्तम खेळ हाच होता आणि त्याला ढवळावं लागलं नाही.

या दुधाच्या क्लेला मिठाच्या क्लेसारखं महिनोन्महिने टिकायचं वरदान नसतं. ती झाकून फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि दोन-चार दिवसांत टाकावी लागते. हत्ती आईला दाखवायचा होता म्हणून थोरलीने तो बशीत उभा केला, वर वाटी पालथी घातली आणि मधल्या कप्प्यात ठेवला.

रात्री नवरा उशिरा आला. मी अर्धवट झोपेत होते. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, चमच्याचा आला. मग तो दारात येऊन म्हणाला, “छान झालंय. जरा कोबीचा वास येतोय, पण छान.”

सकाळी बशीत एक पाय उरला होता. थोरलीने सगळ्यांना ओट्यापाशी उभं केलं आणि चौकशी सुरू केली. नवऱ्याने चहाच्या कपात तोंड घातलं. तिने धाकट्याकडे बोट दाखवून विचारलं, “तू खाल्लास ना हत्ती?”

धाकट्याने थोडा विचार केला आणि मान हलवून हो म्हटलं. आठवत नसलं तरी आपणच खाल्ला असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.