१३ मिनिटांची निष्ठा

फुटबॉलमध्ये दोन देशांकडून खेळण्यास पात्र असलेल्या एखाद्या स्ट्रायकरने, म्हणजे गोल करणे हेच मुख्य काम असलेल्या आघाडीच्या खेळाडूने, आपला राष्ट्रीय संघ जाहीर केला की दोन्हीकडच्या चाहत्यांची भाषा ठरलेली असते. ज्यांना तो मिळाला त्यांच्या लेखी तो मुळांशी इमान राखणारा असतो आणि ज्यांच्या हातून तो निसटला त्यांच्या लेखी संधिसाधू. माझे मत असे आहे की या व्यवहारात निष्ठेची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती आधी राष्ट्रीय फुटबॉल महासंघांची घ्यावी, कारण खेळाडूकडून जन्मभराचा शब्द घेताना स्वतः कोणताच शब्द न देण्याची सोय त्यांनी करून ठेवलेली आहे.

फोलारिन बॅलोगनचे उदाहरण घेऊ. त्याचा जन्म २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला, आईवडील नायजेरियन आणि वाढला तो लंडनमध्ये, आर्सेनलच्या अकादमीत. म्हणजे तीन देशांची दारे त्याला उघडी होती. इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून तो नियमित खेळत होता. २०२२-२३ च्या हंगामात आर्सेनलने त्याला फ्रान्सच्या रेंस क्लबकडे उसना पाठवले आणि तिथे त्याने लीगमध्ये २१ गोल केले. मार्च २०२३ मध्ये तो इंग्लंडच्या युवा संघातून बाहेर पडून फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला पोहोचला, जिथे त्याच आठवड्यात अमेरिकेचा सामना होता, आणि मग व्हायचा तो गदारोळ झाला. मे महिन्यात फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने त्याच्या संघबदलाला मान्यता दिली, जूनमध्ये तो अमेरिकेकडून पहिला सामना खेळला आणि त्याच महिन्यात उत्तर व मध्य अमेरिकेतल्या देशांच्या नेशन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध त्याने गोलही केला. (त्या कॅनडाचा आघाडीचा स्ट्रायकर जोनाथन डेव्हिड हाही ब्रुकलिनमध्येच जन्मलेला, हैतीयन आईवडिलांचा मुलगा. जन्मगावावरून देश ठरवू पाहणाऱ्यांनी या दोघांचा हिशेब एकदा लावून पाहावा.)

बॅलोगन ऑर्लँडोत असताना त्याच आठवड्यात, २३ मार्चला, नेपल्समध्ये इंग्लंडच्या हॅरी केनने इटलीविरुद्ध आपला ५४ वा आंतरराष्ट्रीय गोल करून इंग्लंडकडून सर्वाधिक गोलांचा वेन रूनीचा विक्रम मोडला होता. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. संघात बचावपटू चार असतात, मध्यरक्षक तीन-चार असतात, पण आजच्या बहुतेक रचनांमध्ये मधोमध उभा राहणारा स्ट्रायकर एकच असतो आणि इंग्लंडमध्ये ती जागा देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, शिवाय कर्णधार, अडवून बसला होता. उलट अमेरिकेने २०२२ च्या विश्वचषकात चार सामन्यांत मिळून तीनच गोल केले होते आणि २०२६ च्या विश्वचषकाचे सहयजमानपद तिच्याकडे होते. एकवीस वर्षांच्या खेळाडूने हे सारे डोळ्यांसमोर ठेवले असेल, तर त्याला हिशेबी म्हणून हिणवावे असे मला मुळीच वाटत नाही. कोणताही सुज्ञ माणूस असाच विचार करील. शिवाय हिशेब आणि जिव्हाळा या दोन गोष्टी एका मनात एकत्र नांदू शकत नाहीत, हे गृहीतकच मला चुकीचे वाटते.

आता महासंघांकडे वळू. सप्टेंबर २०१४ मध्ये मुनीर एल हद्दादी हा बार्सिलोनाचा तरुण आघाडीपटू नुकताच प्रकाशात आला होता. जन्म स्पेनमधला, वडील मोरोक्कोचे, वय १९. स्पेनचा दिएगो कोस्टा जखमी झाला आणि त्याच्या जागी मुनीरला वरिष्ठ संघात बोलावण्यात आले. मॅसिडोनियाविरुद्ध युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीचा सामना होता, स्पेन आरामात जिंकत होता आणि ७७ व्या मिनिटाला प्रशिक्षकांनी त्याला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवले. उरलेली सुमारे १३ मिनिटे तो खेळला. सामना ५-१ असा सुटला. स्पेनच्या वरिष्ठ संघातून मुनीर त्यानंतर पुन्हा कधीही खेळला नाही.

तो सामना मैत्रीपूर्ण असता तर काहीच बिघडले नसते, पण तो अधिकृत स्पर्धेतला होता आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या १३ मिनिटांनी तो कायमचा स्पेनचा झाला. २०१८ च्या विश्वचषकाला मोरोक्को तब्बल २० वर्षांनी पात्र ठरला, तेव्हा मुनीरला तिकडून खेळायचे होते. फिफाने नकार दिला आणि खेळातील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानेही त्याचे अपील फेटाळले. त्या विश्वचषकात मोरोक्को स्पेनच्याच गटात होता. इराण आणि पोर्तुगाल या दोघांविरुद्ध मोरोक्कोला एकही गोल करता आला नाही. ज्याला एक देश बोलवत नव्हता आणि दुसऱ्याला ज्याची गरज होती, असा एक आघाडीपटू घरी बसून होता. स्पेनने हे जाणूनबुजून केले असा आरोप मी करणार नाही, कारण जखमी खेळाडूच्या जागी कोणीतरी हवेच होते. परंतु हेतू काहीही असो, किंमत संपूर्णपणे एकट्या खेळाडूने मोजली आणि तिची झळ महासंघाला कणभरही लागली नाही.

ज्या कोस्टाच्या दुखापतीमुळे मुनीरला ती संधी मिळाली, त्याची कथा याच्या अगदी उलटी आहे. ब्राझीलमधल्या लगार्तोत जन्मलेला कोस्टा मार्च २०१३ मध्ये ब्राझीलकडून दोन सामने खेळला होता, पण ते दोन्ही मैत्रीपूर्ण होते, म्हणून त्याला स्पेनची वाट मोकळी राहिली. २०१४ च्या विश्वचषकासाठी तो स्पेनचा खेळाडू म्हणून ब्राझीलमध्ये उतरला, तेव्हा चेंडू त्याच्या पायाशी आला रे आला की प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. स्पेन पहिल्याच फेरीत गारद झाला. प्रेक्षकांचा राग मी समजू शकतो, कारण प्रेक्षकाने तटस्थ असावे अशी अपेक्षाच गैर आहे. मात्र कोस्टाचे दोन सामने पुसले जातात आणि मुनीरची १३ मिनिटे दगडावरची रेघ ठरतात, यात निष्ठेचा संबंध कुठे येतो? फरक फक्त सामन्याच्या प्रकाराचा होता.

२४ नोव्हेंबर २०२२ हा दिवस या विषयात रस असलेल्या कोणीही विसरू नये. कतारमधल्या विश्वचषकात त्या दिवशी स्वित्झर्लंडकडून खेळणाऱ्या ब्रील एम्बोलोने कॅमेरूनविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला. त्याचा जन्म कॅमेरूनची राजधानी याउंदेमधला. गोल होताच तो जागीच थांबला, दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि सहकारी येऊन त्याला बिलगले, पण त्याने जल्लोष केला नाही. त्याच दिवशी नंतर घाना आणि पोर्तुगाल यांचा सामना झाला. घाना २-३ ने मागे होता आणि भरपाई वेळेची अखेरची मिनिटे चालू होती. पोर्तुगालच्या गोलरक्षकाने आपल्या मागे कोणी नाही अशा समजुतीने चेंडू खाली ठेवला, तोच मागे दबा धरून बसलेल्या इनाकी विल्यम्सने तो हिसकावला, पण नेमका त्याचा पाय घसरला आणि बरोबरीची संधी गेली.

या इनाकीचे आईवडील घानाहून निघून सहारा वाळवंट तुडवत स्पेनला पोहोचले होते. इनाकी बिल्बाओत जन्मला, २०१६ मध्ये स्पेनकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि पुढे सहा वर्षे बोलावणे आले नाही, तेव्हा २०२२ मध्ये त्याने घानाची निवड केली. त्याचा धाकटा भाऊ निको स्पेनकडूनच खेळतो आणि २०२४ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध स्पेनचा पहिला गोल त्याचाच होता. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या या दोघांपैकी गद्दार कोणता, याचे उत्तर निष्ठेची मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्यांनी द्यावे.

बेल्जियमच्या रोमेलू लुकाकूने २०१८ मध्ये लिहिले होते की सारे सुरळीत चालले की वर्तमानपत्रे त्याला बेल्जियन स्ट्रायकर म्हणतात आणि बिनसले की काँगोलीज वंशाचा बेल्जियन स्ट्रायकर म्हणतात. तो तर दुसऱ्या कोणत्या संघाकडे गेलाही नव्हता. देश निवडून त्यावर कायम राहिलेल्यालाही ही वागणूक मिळत असेल, तर निवड करताना चार ठिकाणी चौकशी करणाऱ्या पोराला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

फिफाने २०२० मध्ये नियम बराच सैल केला. खेळाडू वयाच्या २१ वर्षांआधी वरिष्ठ संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने खेळलेला असेल, त्यात विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतला एकही सामना नसेल आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षे उलटली असतील, तर त्याला एकदा संघ बदलता येतो. मुनीर याच बदलामुळे अखेर २०२१ मध्ये मोरोक्कोकडून खेळू शकला. विश्वचषकाची मुख्य फेरी खेळलेल्यावर दार बंद होणे मला पूर्ण मान्य आहे, कारण त्या पातळीवर खेळाडूनेही पुरेसे घेतलेले असते. माझा आक्षेप वयाच्या अटीला आहे. बावीसाव्या वर्षी पात्रता फेरीत एकच मिनिट खेळवून नंतर विसरून गेलेला स्ट्रायकर आजही अडकूनच राहतो. सलग तीन वर्षे ज्याला एकदाही बोलावले नाही, त्याच्यावरचा महासंघाचा हक्क आपोआप संपावा, मग त्याचे वय काहीही असो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मोठ्या देशांनी नाकारलेले खेळाडू उतरत्या वयात लहान देशांकडे येतील आणि तिथल्या स्थानिक तरुणांची जागा अडवतील, अशी भीती व्यक्त केली जाते आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु इनाकी घानाकडे आला तेव्हा २८ वर्षांचा होता. त्याला संघात घ्यावे की एखाद्या स्थानिक पोराला, हा पेच घानाच्या प्रशिक्षकांनी सोडवायचा आहे. त्यात स्पेनच्या महासंघाला मत असण्याचे काही कारण मला दिसत नाही.