'दोघं ठाम राहिली की गाव वळतो': त्या मेसेजचा खुलासा

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'दोघं ठाम राहिली की सगळा गाव वळतो, हे प्रयोगाने सिद्ध झालंय.' हे अर्धंच खरं आहे.

प्रयोग १९६९ चा, मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविची आणि सहकाऱ्यांचा. गट सहाजणींचा, त्यांतल्या दोघी आधीच पढवलेल्या. निळ्या स्लाइड्स दाखवल्या, त्या दोघी दर वेळी 'हिरवी' म्हणाल्या. उरलेल्या चौघींच्या उत्तरांत 'हिरवी' आलं ८.४२ टक्के. पढवलेल्या दोघी अधूनमधून 'निळी' म्हणू लागल्या, तेव्हा फक्त १.२५. म्हणजे गट वळला नाही, पण सातत्याचा फरक स्पष्ट दिसला. मला तोच मोलाचा वाटतो.

आणि रंग सांगण्यात कुणाचं काही जात नाही. आमच्या गल्लीत दोघी जावांनी हळदीकुंकवाला विधवा काकूंना बोलावलं, तर पहिल्या वर्षी निम्म्या बायका वाण न घेताच उठल्या. जावांनी पुढच्या संक्रांतीलाही काकूंना बोलावलं. तिसऱ्या वर्षी शेजारीणच करंडा घेऊन काकूंसमोर बसली. बाकीच्या काहीजणी अजून येत नाहीत.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर 'सगळा गाव' तेवढं काढा आणि 'दर वेळी, न बदलता' हे घाला.